कोणती सिंग्युलॅरिटी, हे आधी सांगावे

महोदय,

औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येणार हे ठरल्यापासून मराठवाड्यात कृष्णविवरांवर भरभरून लिहिले जाते, याचा मनापासून आनंद आहे. पण ‘स्ट्रिंग थिअरीने (मूलकण म्हणजे बिंदू नव्हे, तर सूक्ष्म तंतू मानणाऱ्या सिद्धांताने) सिंग्युलॅरिटीचा, म्हणजे जिथे समीकरणे कोलमडतात अशा जागेचा, प्रश्न सोडवला’ हे वाक्य त्यात सर्रास येते. ते अर्धेच खरे आहे.

जे सुटले ते काळानुसार न बदलणाऱ्या भूमितीत. कागदाचा शंकू घ्या. सगळीकडे सपाट, वक्रता फक्त शिरोबिंदूत एकवटलेली. बिंदूएवढा कण तिथे पोहोचला की पुढे कुठे जायचे, हे समीकरण सांगत नाही. स्ट्रिंगला लांबी असते. शिवाय शंकूवर तिचा एक नवाच प्रकार मिळतो: शंकू उलगडला तर दोन्ही टोके सुटी, गुंडाळला की जुळलेली. ही स्ट्रिंग शिरोबिंदूपाशीच अडकून राहते. तिला वगळले तर सिद्धांतच विसंगत ठरतो. धरले तर उत्तरे सान्त येतात. डिक्सन, हार्वे, वाफा आणि विटेन यांनी 1985 मध्ये हे मांडले. (नुसत्या द्विमितीय शंकूत याच स्ट्रिंगमुळे टॅकियॉन (अस्थिरतेची खूण असलेला कण) येतो आणि शिरोबिंदू अस्थिर होतो. अतिसममिती (द्रव्यकण आणि बलकण यांची जोडी लावणारी सममिती) राखणाऱ्या चार मितींच्या शंकूत ती अडचण नाही.)

कोनिफोल्ड हा शंकूसारख्या टोकाचा दुसरा प्रकार अधिक अवघड. तिथे कालाबी-याऊ अवकाशातला (स्ट्रिंग थिअरीतल्या जादा मिती ज्यात गुंडाळलेल्या असतात) एक त्रिमितीय गोल आक्रसत शून्य होतो आणि गणितात अनंत उगवते. स्ट्रॉमिंजर यांनी 1995 मध्ये त्याचे मूळ शोधले. त्या गोलाला वेढलेल्या डी-ब्रेनचे (स्ट्रिंगची टोके जिला चिकटतात अशा पटलाचे) वस्तुमान गोलाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. गोल शून्य, तर वस्तुमानही शून्य. वेढलेली ही ब्रेन आपल्याला कणासारखी दिसते; हा कण जड समजून हिशेबातून गाळला होता. तो परत घेतला की अनंत जाते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर निकाल आहे.

कृष्णविवराच्या पोटातली आणि महास्फोटाची सिंग्युलॅरिटी मात्र काळातली, म्हणजे जिथे काळच संपतो किंवा सुरू होतो. कोसळत्या ताऱ्यात ती टळत नाही, हे पेनरोज यांनी 1965 मध्ये सिद्ध केले. त्यामागे आपल्या अमलकुमार रायचौधुरींच्या 1955 च्या समीकरणाचा धागा आहे. इथे शंकूची युक्ती लागू पडत नाही. काळातल्या अशा अनेक ऑर्बिफोल्डवर (शंकूसारख्या, बिंदू एकमेकांशी जोडून बनवलेल्या अवकाशांवर) एक कण जरी सोडला, तरी त्याच्या अगणित प्रतिमांच्या गुरुत्वाने सारे कोसळून मोठे कृष्णविवर बनते, असे हॉरोविट्झ आणि पोल्चिन्स्की यांनी 2002 मध्ये दाखवले. हा प्रश्न आजही खुला आहे.

औंढ्याच्या 4 किलोमीटरच्या भुजांकडूनही त्याचे उत्तर मागू नये. तिथे मोजल्या जाणाऱ्या लहरी क्षितिजाबाहेरच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही त्या विवराच्या सीमेबाहेरच्या असतील. दोन विवरे एक होताना नवे क्षितिज कसे थरथरून स्थिरावते, ते त्यांतून कळेल. विज्ञानाच्या पानावर हा फरक एका ओळीत तरी छापावा, ही विनंती.

– पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक, हिंगोली