रांजण भरून ठेवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

आईला पुण्याला घेऊन आले त्याला आज बारा दिवस झाले. कालपासून ती स्वतः भाकरी थापायला लागलीय. तुम्हाला फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, तब्येतीला जपा" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना आपलं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका, बालाघाटाचा माथा. दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयता घेऊन उसाला जातं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माघारी येतं. विहिरीनं तळ गाठायला आणि गाव माणसांनी भरायला एकच गाठ पडते. मग टँकर. सरकारी हिशोबानं माणशी दिवसाला २० लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, सगळं.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर उन्हाळ्यात एक कागद लागतो, 'उष्माघात प्रतिबंधात्मक उपाययोजना'. आईला वाचता येतं, पण तो कागद तिला कधी कळला नाही. लावणाऱ्यानंही तो कुणाला कळावा म्हणून लावलेला नसतो. तुम्ही गावाला पाणी सोडणारे, तुम्ही मात्र सकाळी साडेसहाला मारुतीच्या देवळावरचा भोंगा लावून तेच घरातल्या माणसासारखं सांगता. "टँकर आज दुपारनं येईल. उद्या विहिरीत पावडर टाकणार, तासभर कुणी पाणी शेंदू नका. बारा ते चार रानात थांबू नका. कडब्याच्या गंजीजवळ बिडी ओढू नका, पेटली तर विझवायला पाणी कुठनं आणायचं? आभाळ गडगडलं तर झाडाखाली जाऊ नका. पोरांनो, शेततळ्यात उतरायचं नाही, त्यातल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहणाराला पण वर येता येत नाही. ज्याचं शेततळं आहे त्यानं काठाला गाठी मारलेला दोर बांधून सोडा." आणि रोज शेवटी, "म्हाताऱ्या माणसांनी तहान लागायची वाट बघायची नाही. घोट घोट पीत राहा."

आई हे रोज ऐकायची आणि पाणी प्यायची नाही. का, ते मला दवाखान्यात कळलं. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, संडासात ओतायला पुन्हा पाणी लागतं, आणि घागर तर दिवसाआड मिळते. ती पाणी वाचवत होती. आपल्या गावातल्या किती बायका असंच करत असतील, ते आठवलं की झोप उडते.

ती उन्हानं आडवी पडली त्याच्या आधी दोन दिवस तिला चक्कर आली होती. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात शेजारच्या पोरानं नेलं. तिथं सुई दिली, पैसे घेतले आणि "वयोमानानं होतं" म्हणून वाटेला लावलं. पाणी किती पिता, लघवी किती वेळा होते, रंग कसा आहे, एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मला त्या माणसाचा अजून राग येतो, आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

तुम्ही तर डॉक्टर नाही. तुम्ही ओळ बघितलीत.

आईची घागर निळी, गळ्याला माझ्या जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली. टँकरच्या दिवशी ती कायम पहिल्या चार-पाचांत असते. त्या दिवशी नव्हती. बायका म्हणाल्या, डोळा लागला असेल. तुम्ही पाइप दुसऱ्याच्या हातात दिलात आणि भर उन्हात वरच्या आळीपर्यंत चढून आलात. आई पत्र्याच्या खोलीत चुलीपुढे आडवी. अंग चटका बसावा असं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आणि माझ्या मेलेल्या मामाला हाका मारत होती. तुम्ही बाजेवर घालून तिला लिंबाखाली आणलीत. ओलं लुगडं अंगावर, ओल्या घड्या मानेला आणि काखेत, आणि काकू सुपानं वारा घालत राहिल्या. कुणीतरी तोंडात पाणी ओतायला निघालं तर तुम्ही हात धरलात, शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजू नका म्हणून. १०८ ला फोनही तुम्हीच लावलात. पुढचं दवाखान्याचं लिहीत बसत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडी येईपर्यंत अंग ओलं ठेवलं म्हणून निभावलं.

तिथं मी धीर धरून होते. रडले ते पाचव्या दिवशी.

आईला घेऊन घरी आले. मनात एकच चिंता, घरात पाण्याचा थेंब नसणार आणि टँकर उद्या. दार ढकललं. कोपऱ्यातला रांजण काठोकाठ भरलेला. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण, झाकणावर घासलेला तांब्या पालथा. गोणपाट ओलं होतं म्हणजे त्या दिवशीही कुणीतरी येऊन त्यावर पाणी मारून गेलं होतं. आईनं तांब्या बुडवला, अख्खा प्यायली आणि म्हणाली, "भावजींनी भरला असंल."

शेजारच्या अक्कांनी सांगितलं, ते पाणी तुमच्या घरच्या वाट्याचं होतं. काकूंनी पाच घागरी डोक्यावरून आणल्या आणि त्या दिवशी तुमच्या घरी कुणी अंघोळ केली नाही. तुम्ही दोघांनी आजवर एका शब्दानं सांगितलेलं नाही.

पाणी सोडायचा तुम्हाला पगार आहे, तोही महिनोन्‌महिने अडकतो. ओळीत कोण नाही हे बघायचा पगार कुणी देत नाही. गावात अजून अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना शहरात रात्री झोप लागते. आम्ही फोनवर "जेवलीस का" विचारून मोकळं होतो. आता मी रोज आईला "लघवीला किती वेळा गेलीस" हेही विचारते. ज्यांचे आईवडील गावाकडं एकटे आहेत त्यांनी लाजू नये, विचारावं.

मृगाला आईला घेऊन येते. भोंग्याच्या माइकची वायर सारखी तुटते म्हणालात, ती इथून घेतलीय. टाकीच्या तोट्यांचे वायसरही आणते. मापाला म्हणून जुना एक काकूंनी निघताना माझ्या पर्समध्ये टाकला होता, तो दाखवून डझनभर घेतले.

तुमची,
वरच्या आळीची लेक