अर्सुलाबाईंस अनावृत पत्र: अठरा वर्षं थांबल्याबद्दल

प्रिय अर्सुला ले ग्विनबाई,

सा. न. वि. वि.

२२ जानेवारी २०१८ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या राहत्या घरी तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. पण अद्भुत कादंबऱ्या लिहिणारी लेखिका म्हणून तुमचं ऋण मला चारचौघांत मान्य करायचं आहे. मराठीत अद्भुत कादंबरी लिहायला बसलेल्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं, तर तेही हवंच आहे.

मी खाडीकाठच्या एका कल्पित मुलखाची कादंबरी लिहिते. दोन भाग छापून झाले आणि तिसरा अडला. कथानक ठरलेलं होतं, शेवट ठाऊक होता, वाचक विचारत होते. पण लिहायला बसलं की पात्रं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. त्या दिवसांत तुमच्या 'अर्थसी' या बेटांच्या आणि जादूगारांच्या कादंबरीमालेचा चौथा भाग वाचला, त्याच्यामागची हकीकत वाचली आणि माझा जीव भांड्यात पडला.

'अर्थसी'चा पहिला भाग १९६८चा, तिसरा १९७२चा. चौथाही तुम्ही लगोलग लिहायला घेतला होता, पण तो पुढे सरकेना म्हणून बाजूला ठेवलात. 'तेहानू' आली थेट १९९० साली. अठरा वर्षं! पहिल्या भागांत खरी विद्या सगळी पुरुषांच्या हाती होती. रोक बेटावरच्या विद्यालयात फक्त मुलगे शिकणार. बायकांची जादू दुबळी, बायकांची जादू दुष्ट, अशी त्या बेटांवर म्हणच होती. हे जग तुम्हीच रचलेलं, आणि तेच जग बाई म्हणून कसं लिहायचं हे उमगेपर्यंत तुम्ही त्याला हात लावला नाहीत.

मग टेनार परत आली. दुसऱ्या भागातली ती कोवळी पुजारीण आता शेतकऱ्याची विधवा, मुलंबाळं मोठी झालेली. तिच्या घरात एक आगीत होरपळलेली, आपल्याच माणसांनी टाकलेली पोर. आणि गेड, तो थोर जादूगार, विद्या संपून गेलेला, शेळ्या राखणारा. तुम्ही जुनं काही पुसलं नाहीत, एकही बेट जागचं हलवलं नाहीत. तेच जग चुलीपाशी बसून पाहिलंत, आणि ते आधीपेक्षा मोठं दिसलं. त्या पुस्तकावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१ साली आणखी दोन आलीच. याचा मला फार आनंद वाटतो.

तुमच्यामुळे मीही माझा तिसरा भाग कपाटात ठेवला आणि पहिले दोन पुन्हा वाचायला घेतले. त्यांत प्रत्येक योद्धा, प्रत्येक मांत्रिक ज्या होडीतून, म्हणजे तरीतून, खाडी ओलांडतो ती तर एक बाई चालवते. ती सगळ्यांचं बोलणं ऐकते. स्वतः कुठेच बोलत नाही. तिसरा भाग आता तिचा आहे, आणि पानं हलू लागली आहेत.

बेटांचं तुमचं वेड तर माझ्या घरचंच वाटतं. १९६७मध्ये हर्मन शाइन या प्रकाशकाने तुमच्याकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं, तेव्हा तुम्ही आधी नकाशा काढलात. तीन लहान बेटांना स्वतःच्या मुलांची लाडाची नावं दिलीत. हे जग मी बांधलं नाही, ते मला सापडलं, असं तुम्ही म्हणायचात. गेडचं खरं नाव कितीतरी काळ कान देऊन ऐकावं लागलं, असंही. मी वाशिष्ठीच्या खाडीकाठी वाढले. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून कामं ठरवणाऱ्या माणसांना तुमचं हे बोलणं मुळीच चमत्कारिक वाटत नाही.

आणि गेडचा रंग! तांबूस तपकिरी कातडीचा नायक, बहुतेक बेटांवरची माणसं सावळी किंवा काळी. मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवत राहिले, २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोराच नट घेतला, तेव्हा तुम्ही जाहीर लेख लिहून खडसावलंत. आमच्याकडच्या परीकथांतल्या राजकन्या अजून गोऱ्यापान असतात. माझी तरवाली काळी आहे, आणि चित्रकाराला मी ते पहिल्याच भेटीत सांगितलं.

तुमच्या 'स्टीअरिंग द क्राफ्ट' या लेखनकलेवरच्या पुस्तकातले सराव आम्ही काही जणी मिळून करतो. विशेषणं आणि क्रियाविशेषणं न वापरता पानभर मजकूर लिहायचा, हा त्यातला सगळ्यात कठीण. अद्भुत लिहिणाऱ्या मराठी माणसाकडून विशेषणं काढून घेणं म्हणजे काय, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. भयाण, काळाकभिन्न, अजस्र, अथांग हे शब्द आपोआप हाताशी येतात. ते बाजूला ठेवून डोह लिहायचा होता. बराच वेळ काही सुचेना. मग लिहिलं: 'डोहावर पाखरं बोलत नसत. गुरं पाण्याला तोंड लावून मागे फिरत.' मैत्रिणीने ते मोठ्याने वाचलं आणि आम्हा सगळ्यांना डोह दिसला. मोठ्याने वाचायचं हीही तुमचीच शिकवण. वाक्याला आधी लय असते, अर्थ तिच्या मागून येतो, हे मी तुमच्या निबंधांतून शिकले. लेखिकेने आपल्या लिखाणावरची चर्चा चालू असताना गप्प बसायचं, हा तुमचा नियमही आम्ही पाळतो. जड जातो, पण पाळतो.

१९८८च्या एका मुलाखतीत तुम्ही तुमचं आदर्श वेळापत्रक सांगितलंत. साडेपाचला जाग, मग पडल्या पडल्या विचार, भरपेट न्याहारी, सव्वासातपासून दुपारपर्यंत लेखन, नंतर वाचन, संगीत, पत्रं, स्वयंपाक. अंथरुणात पडून केलेला विचार तुम्ही कामात धरलात, याबद्दल वेगळे आभार. मुलं लहान असताना ती झोपल्यावर तुम्ही रात्री लिहायचात. त्या रात्रींतून 'अर्थसी' आली, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या आईला सांगते.

मराठीतली पहिल्या काही कादंबऱ्यांपैकी एक, १८६१ची 'मुक्तामाला', अद्भुतरम्यच होती. तरीही आज या लिखाणाला 'मुलांसाठी आहे का?' असं विचारतात. २०१४ साली नॅशनल बुक फाउंडेशनचं पदक घेताना, साहित्याच्या बाहेर ठेवलेल्या सगळ्या कल्पनालेखकांबरोबर मी हा सन्मान वाटून घेते, असं तुम्ही भर सभेत म्हणालात. त्यातला एक वाटा मीही घेतला आहे.

तुमच्याबरोबर आणखी दोघांचे आभार मानायचे आहेत. सुरुवातीच्या काळात तुमच्या कथा विकत घेणाऱ्या संपादक सील गोल्डस्मिथ यांचे. आणि तुमचे यजमान चार्ल्स यांचे. एका माणसाला दोन पूर्णवेळ कामं जमत नाहीत, पण दोघांनी प्रामाणिकपणे वाटून घेतली तर तीन होतात, असं तुम्ही लिहिलंत, ते त्यांच्या भरवशावर. आमच्या घरी ते वाक्य दोघांनी वाचलं आहे. सकाळचा डबा आता ह्यांच्याकडे असतो आणि सात ते नऊ माझी तर पाण्यात असते.

कळावे, लोभ होताच, तो वाढतोच आहे.

तुमची ऋणी,
खाडीकाठची एक कादंबरीकार