दोन महिने सही न केल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकू,

साष्टांग नमस्कार.

हात 'तीर्थरूप' लिहायला गेला होता, पण शाळेत पत्रलेखन शिकवताना आजोबांनी बजावलं होतं की तीर्थरूप फक्त घरच्या वडीलधाऱ्यांना, बाकीच्यांना तीर्थस्वरूप. तेव्हा हा फरक उगाच किस पाडल्यासारखा वाटायचा. आता कळतं की ब्रिटिश सरकारचंही आजोबांसारखंच आहे. तुम्ही माझ्या सख्ख्या काकू असतात तर आमच्या छकुलीच्या पासपोर्टवर तुमची सही चाललीच नसती.

हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण खाजगीत तुम्ही आभार मानू देत नाही. फोनवर विषय काढला की "कुकर झालाय गं, ठेवते" म्हणता. तुमच्याकडे दिवसातून इतक्या वेळा कुकर होतो हे काही खरं नाही. आणि दुसरं म्हणजे इथे इंग्लंडमधल्या स्विंडन गावात दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, बाळाच्या पासपोर्टवर सही करणारं ओळखीचं कोणी आहे का? त्यांनाही वाचता येईल.

तिकडच्या मंडळींसाठी थोडं सांगते. इथे बाळाचा पहिला ब्रिटिश पासपोर्ट काढायचा तर त्रयस्थ माणसानं लिहून द्यावं लागतं की फोटोतलं बाळ हेच. त्या माणसाकडे ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट हवा. तो नातेवाईक नको, एकाच घरात राहणारा नको. बाळासाठी अर्ज करणाऱ्या पालकाला तो किमान दोन वर्षं ओळखत असायला हवा, आणि तेही कामापुरतं नव्हे, तर शेजारी, मित्र, सहकारी म्हणून. शिवाय समाजात पत असलेला किंवा मान्यताप्राप्त पेशातला हवा, निवृत्त असला तरी चालतो. सरकारनं अशा पेशांची यादीच दिली आहे. शिक्षक, नर्स, अकाउंटंट, पोलीस हे ओघानं आलेच, पण त्यात पबचा परवानाधारकही आहे, पायांचे विकार बघणारा आहे आणि अंत्यविधीचं कंत्राट घेणाराही आहे. यादी वाचून दाखवली तेव्हा साताऱ्याहून आई म्हणाली, "शेवटच्याकडे तेवढं जाऊ नका."

ऐकायला सोपं वाटतं. मीही जूनमध्ये हसतच कामाला लागले होते. म्हटलं, आपल्या ओळखी काय कमी आहेत!

मोजायला बसल्यावर बोटं पुरून उरली. स्विंडनमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत दहातल्या नऊ जणांकडे भारतीय पासपोर्ट, ते बाद. दीर ब्रिटिश नागरिक, वर इंजिनिअर, पण बाळाचा काका, म्हणून बाद. बर्मिंगहॅमची जुनी शेजारीण आम्हाला चार वर्षं ओळखायची, अगदी घरच्यासारखी. तिचा पासपोर्ट पोलंडचा निघाला. डॉक्टर खरोखर मित्र असतील तरच त्यांची सही चालते, आणि आमच्या डॉक्टरबाईंना मी जेमतेम सहा वेळा भेटले होते, त्यातही पाच वेळा त्यांची नजर स्क्रीनवर. ह्यांच्या ऑफिसातले ब्रिटिश सहकारी सगळे नवीन, कारण नोकरीच नवीन. आम्ही बर्मिंगहॅमहून इथे आलो २०२२ च्या जुलैत. म्हणजे या गावात आम्हाला पुरती दोन वर्षं ओळखणारं तेव्हा कुणी असणं शक्यच नव्हतं, हे गणित मला जरा उशिरा सुचलं.

मग तुम्ही आठवलात. मिरजेला नर्सिंग शिकून १९७४ मध्ये इथे आलेल्या, चौतीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या, ब्रिटिश पासपोर्टवाल्या. मनात म्हटलं, चला, झालं काम. २९ जूनला, शनिवारी, फॉर्म आणि फोटो घेऊन आम्ही तिघं तुमच्याकडे आलो. तुम्ही चहा टाकलात, छकुलीला मांडीवर घेतलंत, फॉर्मचा दहावा विभाग चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलात, आणि विचारलंत, "आपण पहिल्यांदा भेटलो कधी?"

मी म्हटलं, "गणपतीत. दोन वर्षं झालीच की."

तुम्ही उठून आत गेलात आणि २०२२ ची डायरी घेऊन आलात. ३ सप्टेंबर, शनिवार. हॉलमधल्या सार्वजनिक गणपतीचा दिवस. त्या पानावर तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'साताऱ्याकडची नवी मुलगी. खिरापत उत्तम. मीठ विसरली उसळीत.' डायरी मिटलीत आणि म्हणालात, "दोन वर्षं ३ सप्टेंबरला होतात. त्या दिवशी करते सही."

काकू, त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला होता. आज कबूल करते.

ह्यांनी चाचरत सुचवलं की 'किती काळ ओळखता' या रकान्यात दोन लिहिलं तर कोण तपासणार आहे? तुम्ही शांतपणे म्हणालात, "तपासतात कधीकधी. फोनही करतात. पण न तपासलं तरी मला माहीत असणारच ना." आणि मग ते वाक्य, जे मी रस्ताभर दात-ओठ खात घोळवत होते: "सही म्हणजे आरती नव्हे गं, की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या की झालं."

गाडीत बसल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. 'हेकट' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता.

राग यायला कारणही होतं. आमच्या डोक्यात सही म्हणजे गावाकडची सही. कॉलेजात असताना गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर 'ट्रू कॉपी'चा शिक्का घ्यायला आम्ही राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात रांग लावायचो. साहेब मूळ कागद बघतसुद्धा नसत. शिपाई गठ्ठा आत न्यायचा, आतून धप्प धप्प आवाज यायचा आणि दहा मिनिटांत चाळीस जणांच्या कागदांची सत्यता सिद्ध व्हायची. ओळख असली की काम होतं, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. ओळख आहे पण ती दोन महिने पाच दिवसांनी कमी पडते, असं सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

आईला फोनवर सांगितलं तर तीही वैतागली. दिवाळीला नात घरी येणार म्हणून तिनं वाडाभर सांगून ठेवलं होतं. आणि पासपोर्ट नुसता आला म्हणून भागत नाही. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवाले, पण छकुलीच्या जन्माआधीच ह्यांना इथे कायम राहण्याची परवानगी मिळाली होती, म्हणून ती जन्मतः ब्रिटिश. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणजे आधी ब्रिटिश पासपोर्ट, मग त्यावर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात ये-जा करायला मिळतं ते), मग सातारा. पहिलीच पायरी अडली की वरची सगळी माळ अडते.

पुढच्या बुधवारी सकाळी दार वाजलं. दारात तुम्ही, एका हातात मेतकुटाची बरणी, दुसऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा. मी फुरंगटलेलीच होते. तुम्ही त्या विषयाचा 'प' सुद्धा काढला नाहीत. "बाळाला तेल लावते, तू जाऊन झोप," म्हणालात. मी झोपले. एप्रिलपासून पहिल्यांदाच सलग तीन तास झोपले असेन. उठले तेव्हा स्वयंपाकघरात तूप-मेतकूट-भाताचा वास होता आणि छकुली दुपट्यात गुंडाळलेली, गाढ.

त्यानंतर तुम्ही दर बुधवारी येत राहिलात. शेक-शेगडी करायची तुमची इच्छा स्मोक अलार्मनं पहिल्याच दिवशी हाणून पाडली, तेव्हा तुम्ही गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलंत. नियमात सही करणाऱ्यानं अर्ज करणाऱ्या पालकाला दोन वर्षं ओळखणं पुरतं, बाळाला किती काळ ओळखायचं याची वेगळी अट नाही. तुम्हाला ते माहीत होतं, फॉर्म तुम्ही माझ्यापेक्षा नीट वाचला होता. तरी एकदा तिला न्याहाळत तुम्ही म्हणालात, "हिचं डावं कानशील जरा चपटं आहे बघ, झोपते त्या बाजूनं." मला, तिच्या आईला, ते दिसलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या अशाच एका बुधवारी भाजी निवडताना तुम्ही वॉर्डातली गोष्ट सांगितलीत. मॉर्फिनसारखी औषधं काढायची तर कपाट कुलपात, नोंदवही वेगळी आणि सह्या दोन नर्सेसच्या. एक देणारी, एक बघणारी. रात्रपाळीला माणसं कमी असली की पहिली नर्स म्हणायची, नंतर सही कर, मी दिलंय ना. "मी नाही करायचे," तुम्ही म्हणालात. "मी बघितलं नाही तर दुसरी सही कशाची? ती पहिलीच दोनदा केल्यासारखी." गवारीच्या शिरा काढता काढता सांगितलंत, आवाज जराही न चढवता. माझा राग नेमका कधी गेला ते मला सांगता येत नाही, पण त्या गवारीनंतर तो सापडला नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी बरोबर सहाला तुम्ही आलात. गणपती चार दिवसांवर, आमच्याकडे मखराचा पसारा. पिशवीतून तुमचा पासपोर्ट काढलात, प्लास्टिकच्या कव्हरातला, कारण त्याचा नंबर फॉर्ममध्ये लिहावा लागतो. काळ्या शाईचं पेन काढलंत. मग मी फोटो पुढे केला आणि तुम्ही विचारलंत, "ही कोण?"

जूनमधला फोटो होता. अडीच महिन्यांची, टक्कल असलेली, डोळे किलकिले केलेली छकुली. मांडीवर होती पाच महिन्यांची, जावळ आलेली, गाल फुगलेली. "हे दुसरंच बाळ आहे," तुम्ही म्हणालात, आणि तुमचं बरोबरच होतं, फोटो गेल्या महिन्याभरातलाच लागतो. मी तो नियम वाचून विसरले होते. मग ह्यांनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि आम्ही तिला तिच्यावर उताणी ठेवली. वर्षाच्या आतल्या बाळाचे डोळे उघडे असायलाच हवेत असं नाही, डोक्याला हातानं आधार दिला तरी चालतो, पण हात दिसता कामा नये, खेळणं नको, चोखणी नको. सावली पडली, हात दिसला, जांभई आली, चादरीची सुरकुती कानाशी आली. बाविसावा फोटो जमला. हे दुकानात जाऊन तो छापून आणेपर्यंत तुम्ही मखराला सोनेरी कागद चिकटवत बसलात.

आणि मग ते छोटं काम, ज्यासाठी दोन महिने थांबलो होतो. पस्तीस मिलिमीटर रुंद फोटोच्या पाठीवर प्रमाणपत्राचं वाक्य लिहायचं, बाळाच्या पूर्ण नावासकट. इंग्रजांची नावं त्यात सुखानं मावत असतील. आपलं म्हणजे मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि आमचं आडनाव तर अकरा अक्षरांचं. तुम्ही फोटो बशीत पालथा ठेवलात, पेन अगदी हलकं धरलंत म्हणजे पुढच्या बाजूला वळ उठायला नको, आणि तापाच्या तक्त्यावर लिहायचात तशा मुंगीएवढ्या अक्षरांत तीन ओळींत सगळं बसवलंत. खाली सही. खाली तारीख. गुळगुळीत कागदावर शाई वाळेना, म्हणून दोन्ही हातांचा आडोसा करून फुंकर घालत बसलात, जणू गरम दूध निववताय. कुणीच काही बोललं नाही. छकुलीसुद्धा.

पासपोर्ट महिन्याच्या आतच आला, काही विचारणा न होता. ओसीआयला मात्र वेळ गेला आणि दिवाळी हुकलीच. आम्ही साताऱ्याला पोचलो जानेवारीत. पण काकू, दिवाळीला गेलो असतो तर बोरन्हाण तिथे झालं नसतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि वाड्यातली अकरा पोरं ते वेचायला एकमेकांवर पडलेली. तुम्ही बरोबर दिलेल्या लिमलेटच्या गोळ्याही त्यात होत्या. आईनं विचारलं की ह्या कुणी दिल्या. म्हटलं, हिच्या पासपोर्टवर सही केली त्यांनी. आई म्हणाली, "त्या उशीर केलेल्या?" मी हो म्हटलं. मग आईनं तुमच्यासाठी तिळाच्या वड्यांचा वेगळा डबा भरला, आणि झाकणावर माझ्याकडून नाव लिहून घेतलं, म्हणजे वाटेत कुणी फोडायला नको.

डबा पोचला, वड्याही संपल्या असतील. एक आठवण तेवढी करून ठेवते. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि इतक्या लहान मुलांच्या नूतनीकरणालाही पुन्हा सही लागते. म्हणजे २०२९ चा सप्टेंबर. तोवर आपल्या ओळखीला सात वर्षं झालेली असतील, तेव्हा डायरी शोधायची गरज नाही. गुडघ्यांना तेवढं जपा, जिन्यावरून सावकाश उतरा, आणि ते काळं पेन कुणाला देऊ नका.

तुमची,
साताऱ्याकडची मुलगी (उसळीत मीठ आता घालते)