वड्याला चिकटलेला अग्रलेख

महोदय,

परवा स्टेशनसमोरच्या गाडीवरून वडापाव बांधून घेतला. घरी पुडी सोडली, तर पावाच्या बुडाला अग्रलेखाची अर्धी ओळ उलटी उमटलेली! (टाइप ओळखीचा वाटला, आपलाच अंक असावा.) गरम, तेलकट पदार्थाला छपाईची शाई लागते. म्हणूनच २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे. तळणाच्या तेलालाही मर्यादा आहे: त्यातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारी खराब द्रव्ये) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचे नाही. पण काळ्याकुट्ट कढईत ते मोजणार कोण? तपासणीचा जोर दिसतो तो दिवाळीत, खव्या-मिठाईवर. गाडीवाला म्हणतो, "काका, कोरा कागद परवडत नाही, रद्दी स्वस्त पडते." त्याचेही खोटे नाही. निदान कोरा कागद त्याला स्वस्तात मिळेल असे बघा.

– एक वाचक, ठाणे