मीटर रूमवरच्या नव्या छताच्या कामाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : तळमजल्यावरील मीटर रूमचे लाकडी छत काढून नवीन अग्निरोधक छत बांधण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सभेत मीटर रूम आणि शेजारच्या सामानाच्या खोलीवरचं लाकडी छत काढायचं ठरलं, हे योग्यच झालं. तुळयांना वाळवी लागली आहे, आणि वरच्या मजल्यांचा जिना ज्या पॅसेजवर उतरतो तो पॅसेज याच तुळयांवर उभा आहे. खाली पेटलं तर लोक ज्या वाटेनं बाहेर पडणार, तीच वाट आधी जाईल. म्हणून खर्चाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बोर्डावर लावलेल्या कामाच्या तपशिलाला. लोखंडी गर्डर, त्यावर पातळ स्लॅब, गर्डरला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) आणि ऑइल पेंट, खालून पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, एवढं लिहून शेवटी ‘छत पूर्णपणे अग्निरोधक होईल’ असं म्हटलं आहे. माझी उमेदीची वर्षं बांधकामाच्या साइटवर गेली, त्यामुळे हे शेवटचं वाक्य मला गप्प बसू देईना.

लोखंड जळत नाही हे खरं. पण ते तापतं, आणि तापलं की नरम पडतं. साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादाची ताकद उतरायला लागते आणि ६०० अंशांना ती निम्म्याहूनही कमी उरते. प्रमाणित अग्निचाचणीत भट्टीचं तापमान अर्ध्या तासात सुमारे ८४० आणि तासाभरात ९४५ अंशांपर्यंत चढवतात. त्या हिशेबानं नेहमीच्या मापाचा उघडा गर्डर बहुधा पंधरा-वीस मिनिटांतच धोक्याच्या पातळीवर पोचतो. शिवाय तो लांबतो. आपल्या खोलीची रुंदी साडेचार मीटर धरली, तर ५०० अंशांनी तापलेला गर्डर सुमारे २७ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट चिणलेली असतील तर तो भिंतीलाच बाहेर रेटतो. जुन्या विटांच्या भिंतीला हा रेटा सोसणार नाही.

हे काही आज कळलेलं नाही. इंग्लंडमध्ये श्रूसबरीजवळच्या डिदरिंग्टन इथली सूतगिरणी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाचे खांब, तुळया आणि त्यांवर विटांच्या कमानी अशी बांधली गेली. गिरण्यांमधल्या लाकडी मजल्यांना वारंवार आगी लागत, त्यावरचा हा उपाय होता. लोखंड म्हणजे आगीला अभय, हा समज पुढे बरीच वर्षं टिकला. १८७१ च्या शिकागोच्या आगीत तो कोसळला. उघड्या लोखंडावर उभ्या असलेल्या, ‘फायरप्रूफ’ म्हणवणाऱ्या इमारतीही त्या आगीत पडल्या. त्यानंतर तिथले बांधकाम करणारे लोखंडाला भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांचं आवरण देऊ लागले. पुढे ते काम काँक्रीटकडे आलं. आपला तपशील मात्र अजून १८७१ च्या अलीकडचा दिसत नाही.

काँक्रीटचा उपयोग इथे दुहेरी आहे. ते उष्णता फार सावकाश आत जाऊ देतं, आणि त्यातल्या पाण्याची वाफ होईपर्यंत बरीच उष्णता तिथेच खर्ची पडते. दुसरं म्हणजे चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या लोखंडाला गंज चढत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. काँक्रीटला तडे पाडणारा आणि पापुद्रे उडवणारा तोच. छत आगीत किती वेळ टिकेल आणि एरवी किती वर्षं टिकेल, या दोन्ही गोष्टी लोखंडावर काँक्रीटचं कव्हर, म्हणजे झाकणारा थर, किती आणि कसं आहे यावर ठरतात. रेड ऑक्साइडनं यातलं पहिलं काम होत नाही, आणि दुसरं जेमतेम काही वर्षं होतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे की गर्डर चहूबाजूंनी काँक्रीटमध्ये गाडले जावेत. खालच्या पट्टीखालीसुद्धा ५० मिलिमीटर काँक्रीट असावं, आणि ते आगीत सुटून पडू नये म्हणून गर्डरभोवती वेल्डेड जाळी गुंडाळावी. नुसता गिलावा थापून भागणार नाही, लोखंडावरून तो तापताच सुटतो. जो भाग काँक्रीटमध्ये जाणार तो रंगवूही नये. सुटा गंज आणि तेल वायर ब्रशनं साफ करावं, कारण रंगावर काँक्रीट नीट धरत नाही. स्लॅब ‘पातळ’ म्हणजे किती, हे आकड्यात लिहून घ्यावं. दोन तासांच्या अग्निरोधासाठी साधारण १२५ मिलिमीटर जाडी धरतात. सळयांचं कव्हर स्लॅब सलग असेल तर २५ आणि दोन टोकांवरच टेकलेला असेल तर ३५ मिलिमीटर. ठेकेदार सेंटरिंगऐवजी, म्हणजे ओलं काँक्रीट धरणाऱ्या तात्पुरत्या साच्याऐवजी, पन्हळी पत्र्याचं डेक शीट वापरू म्हणाला, तर हरकत नाही. मात्र ते शीट आगीत कामाचं राहत नाही असं समजून खोबणींमध्ये वेगळ्या सळया टाकायला लावाव्यात.

कोणी म्हणेल, उघड्या गर्डरवरचे मजलेही आगीत टिकलेले आहेत. बरोबर आहे. १९९५-९६ मध्ये इंग्लंडमध्येच कार्डिंग्टन इथे आठ मजली पोलादी सांगाड्याला मुद्दाम आगी लावून चाचण्या घेतल्या. तुळया उघड्या होत्या, प्रचंड तापल्या, मजले चांगलेच झोळले. पण पडले नाहीत. कारण वरचा जाळीदार सळयांचा सलग स्लॅब झोळीसारखा ताणला गेला आणि त्यानं भार शेजारच्या भागांवर नेला. पण तिथले खांब आवरणानं झाकलेले होते आणि मजला चारी बाजूंना पसरलेला होता. आपल्या दोनच खोल्या, जुन्या भिंती आणि त्यांवर टेकलेले गर्डर. तिथला निष्कर्ष इथे लावता येणार नाही.

फॉल्स सीलिंगबद्दल थोडक्यात सांगते. मीटर रूममध्ये पीव्हीसी नकोच. ते वितळतं, काळा धूर आणि घशाला झोंबणारा आम्लाचा वायू सोडतं, आणि ओल झिरपायला लागली तर ती वर्षभर लपवून ठेवते. झाकायचंच असेल तर जिप्समचा फायर बोर्ड लावा. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं, ते आगीत थोडा वेळ मिळवून देतं. मला विचाराल तर छत उघडंच ठेवा. दिसलं तर तपासलं जाईल.

आता वजनाचा मुद्दा, जो सभेत कोणीच काढला नाही. १२५ मिलिमीटरचा स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलोहून जास्त भरतो. गर्डर आणि त्यांभोवतीचं काँक्रीट वेगळंच. लाकडी तुळया-फळ्यांचं छत याच्या तुलनेत काहीच नाही. हा भार त्या भिंती आणि त्यांचा पाया घेतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरनं पाहून लेखी दिल्याशिवाय ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये. गर्डरची टोकं थेट विटांवर न टेकवता खाली काँक्रीटचे बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारे ठोकळे, घ्यावे लागतील, आणि टोकाशी वाढीला थोडी मोकळी जागा. भिंत ओली असेल तर आधी ती गळती थांबवायची, कारण गर्डर सडायला सुरुवात होते ती भिंतीत शिरलेल्या टोकापासून. यासाठी काम महिनाभर लांबलं तरी चालेल.

साइटवर काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून हेही लिहिते. सळया साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक मागवलेले असतात आणि सळयांखाली खडीचे तुकडे सरकवले जातात. वरच्या सळया वाकवलेल्या सळईच्या खुर्च्यांवर बांधतात आणि मग मजूर त्यांवरूनच घमेली घेऊन चालतात. सळया खाली दबतात, कव्हरचा हिशेब कागदावरच राहतो. गर्डरच्या पोटाखाली काँक्रीट पोचतच नाही. तिथे बारीक खडीचं काँक्रीट आणि व्हायब्रेटर लागतो, नाहीतर साचा काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ काँक्रीट दिसतं आणि त्यावर घाईघाईनं सिमेंट फासलं जातं. काँक्रीट पसरायला जड जातंय म्हणून वरून पाणी ओतणं तर सर्रास चालतं, आणि ताकद तिथेच बरीच उतरते. पाणी मारायचं काम किमान दहा दिवस कोण करणार, हे नावानिशी ठरवावं. वॉचमनवर सोडलं तर तिसऱ्या दिवशी ते थांबेल.

आणि छत झाल्यावर त्याला भोकं पडतील. केबलवाला येईल, इंटरनेटवाला येईल, उद्या कोणाला एसीची लाइन टाकायची असेल. एवढं सगळं करून एक उघडं भोक राहिलं तर धूर तिथूनच पॅसेजमध्ये चढणार. लागणारे पाइप आणि स्लीव्ह (केबल जाण्यासाठीच्या नळ्या) स्लॅब भरतानाच टाकून घ्यावेत. केबलभोवतीची फट खनिज लोकर आणि अग्निरोधक सीलंटनं बंद करावी. पिवळा फोम नको, तो स्वतःच पेटतो. प्लास्टिकचा पाइप स्लॅबमधून जात असेल तर त्याला फायर कॉलर हवी. पाइप वितळला की ती फुगून भोक बुजवते. यापुढे समितीच्या लेखी परवानगीशिवाय त्या छताला ड्रिल लावायचं नाही, असा ठराव पुढच्या सभेत मी मांडणार आहे. आपण त्याला अनुमोदन द्यावं.

करारावर सही होण्याआधी स्लॅबची जाडी, कव्हर, गर्डरचं आवरण आणि अग्निरोधाचे तास हे चार तपशील त्यात आकड्यांसह घालावेत आणि ‘पूर्णपणे अग्निरोधक’ हे शब्द काढावेत, ही विनंती. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मला निरोप मिळावा. सळया आणि कव्हर मी स्वतः मोजून देईन, त्याचं काही मानधन नको. सकाळी लवकर असेल तर उत्तम. दुपारी गुडघे जिना चढू देत नाहीत.

आपली,
सदनिका क्र. ३०४