होंडा गावाच्या पुढे भेटलेल्यांनो, देव बरें करूं

गेल्या आठवड्यात रात्री घोणस चावलेल्या आजोबांना मी १०८ रुग्णवाहिकेतून गोव्यातल्या वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेत होते, रक्त नळीत २० मिनिटं ठेवूनही गोठलं नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं, अँटीव्हेनमच्या (विषावरच्या औषधाच्या) १० व्हायल सुरू केलेल्या आणि होंड्याच्या पुढे रस्त्यावर आख्खं झाड आडवं! एवढ्या पावसात कोयते नि करवती घेऊन तुम्ही कुठून आलात कुणास ठाऊक, पण वाट मोकळी केलीत. एका मावशींनी माझ्या हातात चहा दिला, "दोतोर बाय, पयलीं तूं घे," तर आतून आजोबा ओरडले, "आनी म्हाका?" सगळेच हसलो, त्या रात्री पहिल्यांदाच. नावं विचारायची राहिली त्याची फार रुखरुख लागलीय. आजोबा काल घरी गेले, मावशींना कुणीतरी नक्की सांगा.