तुझ्या वाटणीचं अर्धं

पुणे, 22 फेब्रुवारी

प्रिय माया,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही, हे मान्य. सासूबाईंचं हाड मोडलं त्यात तुझी काय चूक? पण वीस वर्षं नुसतं 'एकदा तंजावरला जाऊ' म्हणायचं आणि तिकिटं हातात आल्यावर तू गळायचं, म्हणजे माझा राग कुठे जाणार? आधी म्हटलं, मीही रद्द करते. मग त्याच रागात म्हटलं, नाहीच करत. गेले. अडीच दिवस, एकटी. आता सगळं लिहून पाठवते, कारण फोनवर तू 'हो का, हो का' करत कुकरच्या शिट्ट्या मोजतेस.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने पहाटे उतरले. लॉजबद्दल एवढंच सांगते की खिडकी बसस्थानकाकडे होती आणि तमिळ ड्रायव्हर हॉर्नमध्ये कंजुषी करत नाहीत.

खरी पंचाईत सकाळी झाली. हॉटेलात शिरले तर वेटरने बोटांनी विचारलं, किती जण? मी एक बोट वर केलं आणि उगाच ओशाळले. एकटीने हॉटेलात बसून खायची आपल्याला सवयच नाही गं. कॉलेजपासून आपला नियम ठरलेला: तू एक मागवायचं, मी दुसरं, मग अर्धं-अर्धं. हात त्याच सवयीने चालला आणि मी पोंगलही मागवलं, डोसाही. पोंगल म्हणजे मूगडाळ-तांदळाची गरगट खिचडी, तुपात तळलेले काजू आणि अख्खे मिरे घातलेली. तुला आवडली असती. डोसा तुझ्या वाटणीचा म्हणून मीच संपवला. वर डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, फिल्टर कॉफी. ती पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात फेसाळत ओतायची कला मला काही जमली नाही, साडीवर एक डाग घेऊन आले.

सांबाराची गोष्ट तुला ठाऊकच आहे. तंजावरच्या शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आमटीत चिंच पडली, पाहुणे आलेल्या संभाजीराजांवरून तिला नाव मिळालं. पुरावा कुणाकडे नाही, पण मराठी माणूस तंजावरला गेला की ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्याचा घास उतरत नाही. मीही वेटरला मोडक्या इंग्रजीत ऐकवली. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'मोअर सांबार?'

दुपारी एका जुन्या मेसमध्ये त्या दिवसाच्या पदार्थांच्या यादीत 'पिटलै' दिसलं. मला काय आनंद झाला! दीड हजार किलोमीटरवर पिठलं! आलं ते कारलं. तुरीच्या डाळीत शिजवलेलं, चिंच आणि भाजलेल्या खोबऱ्या-धण्याचं वाटण लावलेलं. बेसनाचा पत्ता नाही. नाव आपल्याकडून गेलं म्हणतात. वाटेत पीठ कुठे सांडलं देव जाणे. पण चव अशी की कारल्याकडे ढुंकून न बघणारी मी, दोनदा वाढून घेतलं. वाढपी थांबतच नाहीत गं. तमिळमधला मी एकच शब्द शिकले: 'पोदुम', म्हणजे पुरे. तो मी नेहमी एक वाढ उशिरा म्हणायची. जेवून झालं की पान स्वतःकडे दुमडायचं, तेही शेजारच्या आजोबांनी खुणेने शिकवलं.

बृहदीश्वराचं मोठं देऊळ तू फोटोत पाहिलंयस, त्यामुळे वर्णन करत नाही. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पुरं केलं, शिखर सुमारे 66 मीटर, हे सगळं पाठ असूनही समोर उभी राहिल्यावर मान मागे टाकताना टोपी पडली. एक गाइड सांगत होता की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. त्याचा अख्खा घोळका त्या वेळी त्याच सावलीत उभा होता! आणि सावलीत उभं राहण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण चपला बाहेर आणि फरशी तापलेली. काथ्याच्या पट्टीवरून पट्टीवर उड्या मारत मी प्रदक्षिणा घातली.

आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीवर आपला लेख आहे, 1803 साली इथल्या सरफोजीराजांनी कोरवलेला भोसल्यांचा वंशेतिहास. देवनागरी, मराठी, भिंतभर. सातारच्या गादीच्या गावात राहणारी तू बरोबर असायला हवी होतीस, कारण मला ओळी जोडून वाचता येईनात. मी आपली मोठ्याने अडखळत वाचत होते, तर मागून एका मामींनी दुरुस्त केलं. मराठीत!

मामी रायरांपैकी, म्हणजे इथल्या मराठी घरांतल्या. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून 1855 पर्यंत जवळजवळ 180 वर्षं इथे भोसल्यांचं राज्य होतं, त्या काळात आलेली घरं राहिली ती राहिलीच. त्यांचं मराठी मला पहिल्या झटक्यात कळेना, माझं त्यांना फार भरभर वाटे. क्रियापदं ओळखीची, हेल तमिळ. तीन-तीनदा विचारून गप्पा मारल्या. निघताना म्हणाल्या, उद्या दुपारी जेवायला या. तू असतीस तर 'कशाला त्यांना त्रास' म्हणत मला चिमटा काढला असतास. चिमटा काढायला कुणी नव्हतं, मी लगेच हो म्हटलं.

माया, त्या पानाबद्दल लिहायचं म्हणूनच हे पत्र एवढं लांबलंय. एका कडेला रसवांगी. आपलंच रसातलं वांगं, पण इथे त्यात डाळ आणि चिंच. मग भात, रस्सम, पापड. आणि पानाच्या वरच्या टोकाला पांढरं, सैलसर काहीतरी, वर मोहरीची फोडणी. मी विचारलं, हे काय? 'डांगर पच्चडी.' डांगर! उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. आजी उन्हाळ्यात भाकरीबरोबर करायची ते, कच्चा कांदा घालून. मामींकडे कांदा नाही, हिंग जास्त, पण जिभेला लागल्यावर मला थेट आमच्या वाईच्या माजघरातली पाट्याची जागा दिसली. शेवटचं कधी खाल्लं होतं आठवत नाही. पुण्यात आता डांगर म्हटलं तर निम्मे लोक भोपळा समजतात. आमच्या घरातून गेलेला पदार्थ इथे रोजच्यातला आहे, आणि मामींना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसेना. त्या मलाच विचारत होत्या, तुमच्याकडे करत नाहीत? मी खोटं बोलले. म्हटलं, करतो की.

तिसऱ्या दिवशी राजवाडा. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात डोळ्यांच्या रोग्यांची चित्रं बघितली. सरफोजीराजांच्या काळी इथे डोळ्यांवर उपचार होत आणि रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवत. मोडीतले कागद तर ढिगाने. चोळकाळातल्या ब्राँझच्या मूर्तींपुढे मी फार वेळ घालवला, त्यावर वेगळं पत्र लिहीन. संध्याकाळी तिरुवैयारूला कावेरीकाठी कर्नाटक संगीतातल्या संत त्यागराजांच्या समाधीपाशी दहा मिनिटं बसले, तेवढ्यात डासांनी उठवलं.

घरी आल्याबरोबर डांगर करायला घेतलं, मामींशी बोललेलं खोटं निस्तरायला. चिकट झालं, भिंतीला पोस्टर लावता येईल इतकं. तुझ्या आईच्या हातचं मी एकदा खाल्लंय, तुझ्या मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी. काकूंना विचारून कळव: उडीद सालासकट भाजायचे की डाळ घ्यायची? आणि दळताना धणे, मिरे दोन्ही?

सासूबाईंना नमस्कार सांग. प्लॅस्टर कधी निघतंय?

तुझी,
शुभा

ता. क. तिरुवैयारूचा अशोका हलवा आणलाय, मूगडाळीचा, तूप हाताला लागेल असा. सवयीप्रमाणे अर्धा खाल्ला, अर्धा तुझा म्हणून फ्रीजमध्ये आहे. रविवारपर्यंत कुणाला तरी पाठव, सोमवारची हमी देत नाही.